गल्ल्यावरची जागा

बेकरीच्या मागच्या खोलीत भट्टी होती. त्या भट्टीसमोर वहिनीनं वीस वर्षं काढली. सगळी गल्ली तिला वहिनीच म्हणायची. नणंदेच्या तोंडचं नाव गिऱ्हाइकांनी उचललं आणि तेच चिकटलं.

त्याआधी ती पुढे गल्ल्यावर बसायची. बोलायला फटकळ, हसायला मोकळी. शिळा पाव कोणाला खपवायची नाही, आणि उधारी मागितली तर अशी काही बोलायची की मागणाराच हसत बाहेर पडायचा. दुकान तिच्यामुळे चालतं, असं तिचा नवरा तेव्हा स्वतःच सांगायचा.

मुलगा झाला तेव्हा बाळ मोठं होतं, चिमटे लावून काढावं लागलं. महिना उलटायच्या आत ती मैद्याची पोती ओढायला लागली, कारण कामगार पळून गेला होता आणि नवऱ्याच्या पाठीत उसण भरली होती. त्यानंतर शिंक आली की दोन थेंब व्हायचे. मग खोकल्यावर, मग पोतं उचलताना. सासूला सांगितलं तर ती म्हणाली, "बाईचं असंच असतं. चारचौघांत बोलायची गोष्ट आहे का ही?" वहिनीनं पाणी पिणं कमी केलं, जुन्या चादरींच्या घड्या वापरायला लागली, आणि घरातून निघताना दोन-दोनदा मोरीत जाऊन यायची सवय लावून घेतली.

मुलगा शाळेत जायला लागला त्या सुमाराची गोष्ट. सकाळची गर्दी होती. एका म्हाताऱ्या गिऱ्हाइकानं आपल्या कवळीवरून काहीतरी विनोद केला आणि वहिनी पोट धरून हसली. हसता हसता तिचा चेहरा उतरला. स्टुलाखाली पाणी साचलं होतं. रांगेतल्या एका लहान मुलीनं मोठ्यांदा विचारलं, "काकूंनी शू केली?"

नवरा आतून फडकं घेऊन धावत आला. "बाटली लवंडली हो," असं सगळ्यांना सांगत त्यानं स्वतः वाकून फरशी पुसली. त्या क्षणी वहिनीला त्याच्याबद्दल इतकं भरून आलं की तिला रडू फुटलं. संध्याकाळी दुकान बंद करताना तो म्हणाला, "उद्यापासून तू आत बस. खाण्याचं दुकान आहे आपलं."

"डॉक्टरांना दाखवू या का?"

"आणि काय सांगायचं? शोभा झाली तेवढी पुरे."

त्याच वर्षी नणंद नवऱ्याशी पटेना म्हणून मुलीला घेऊन कायमची माहेरी आली होती. गल्ल्यावर तिला बसवलं. चार दिवसांसाठी, असं ठरलं होतं.

वहिनी आत गेली ती आतलीच झाली. कणकेच्या पराती, गरम ट्रे, पोती. बाहेरचे विनोद भिंतीपलीकडून कानावर यायचे, त्यावर नणंदेचं हसणं ऐकू यायचं. लग्नकार्याला ती जाईना, लांबच्या प्रवासाला जाईना. भाऊ रुसला. मैत्रिणींनी बोलावणं सोडून दिलं. नवऱ्यानं अंथरूण वेगळ्या खोलीत नेलं, त्याचं कारण त्यानं सांगितलं नाही आणि तिनं विचारलं नाही.

सून बाळंत झाली तेव्हा वहिनी दवाखान्यात तिच्या उशाशी होती. दुसऱ्या दिवशी एक तरुण फिजिओथेरपिस्ट वॉर्डात आली आणि खाट-खाट फिरत बाळंतिणींना सांगू लागली, "ओटीपोटाच्या तळाला स्नायूंची झोळी असते. लघवीची पिशवी, गर्भाशय, सगळं तिच्यावर पेललेलं असतं. बाळंतपणात ती ताणली जाते. तिला परत बळ द्यायचं. वारा आणि लघवी एकदमच थांबवायची आहे असं समजून आतून वर ओढून घ्या. थोडं धरा. मग पूर्ण सोडा. सोडणंही तितकंच महत्त्वाचं."

सून लाजली. पण वहिनीनं खुर्ची पुढे ओढली. "हे सगळ्यांना सांगता?"

"प्रत्येकीला. आमचं रोजचं कामच आहे ते."

"आणि जिचं बाळंतपण होऊन जमाना झाला असेल?"

त्या मुलीनं तिच्याकडे नीट पाहिलं आणि आवाज खाली आणला. "काकू, वय झालं तरी स्नायू ऐकतात. वेळ लागतो. आधी एकदा तपासून घेऊ, म्हणजे बरोबर जमतंय का ते कळेल."

वहिनीनं तपासून घेतलं. ऑपरेशनची गरज नाही, असं कळलं. शिंक येण्याआधी, वजन उचलण्याआधी आवळून घ्यायचं आणि उचलताना श्वास सोडायचा. शौचाला जोर करायचा नाही, पायाखाली पाट घ्यायचा. पाणी तोडायचं नाही. उगाच खबरदारी म्हणून मोरीत पळायचं नाही, हळूहळू अंतर वाढवायचं. ऐकताना तिला वाटलं, एवढंच? याच्यापेक्षा पाव भाजणं अवघड आहे. दवाखान्याच्या जिन्यात ती बसून राहिली. आनंद व्हायला हवा होता, पण ती भट्टीसमोरची वर्षं मोजत होती.

घरी सासू-सून मिळून व्यायाम करू लागल्या. बाळ झोपलं की दोघी पाठीवर पडायच्या, गुडघे वाकवून. "आई, तुम्ही भुवया आवळताय," सून म्हणायची. "भुवयांनी काही थांबत नाही." वहिनीला हसू यायचं, आणि हसताना ती घाबरायची. पहिले काही आठवडे काहीच फरक पडला नाही. मग एकदा जोराची शिंक आली आणि घडी कोरडी राहिली. तिनं मोरीत जाऊन ती पुन्हा एकदा चाचपून पाहिली आणि कामाला लागली.

एका दुपारी नणंद जेवायला घरी आली. सून चटईवर पडून व्यायाम करत होती, वहिनी शेजारी दुपट्यांच्या घड्या घालत होती. नणंद पाहत उभी राहिली आणि सहज बोलून गेली, "मांड्या कशाला आवळतेस? श्वासही रोखू नकोस. मलाही पहिल्यांदा असंच..." आणि गप्प झाली.

वहिनीच्या हातातलं दुपटं तसंच राहिलं. "तुम्हाला कोणी शिकवलं, वन्सं?"

"अगं, असंच. जुनी गोष्ट आहे."

"किती जुनी?"

नणंद ताट घेऊन बसली, पण घास घेईना. "माझी मुलगी झाली तेव्हा मलाही त्रास होता. सासरच्या गावी एक बाई होत्या, त्यांनी करून घेतलं. सहा महिन्यांत गेलं."

"म्हणजे माझं गल्ल्यावर तसं झालं, तेव्हा तुम्हाला माहीत होतं?"

"तू कधी विचारलंस?"

"मी काय विचारणार होते? मला विचारायला शब्द तरी ठाऊक होते का? तुम्ही माझ्या घड्या वाळत घातलेल्या रोज बघत होतात."

सुनेनं बाळ उचललं आणि उठू लागली. वहिनीनं तिला हातानं बसवलं. "बस. तूही ऐक."

नणंदेचा आवाज चिरका झाला. "मला या घरात काय होतं वहिनी? नवऱ्यानं टाकलेली बहीण. गल्ल्यावर होते म्हणून दादा दोन घास मानानं घालत होता. तू बरी होऊन पुढे आली असतीस तर मी कुठे गेले असते? आज सांगू, उद्या सांगू, असं मनात यायचं. मग इतके दिवस गेले की सांगायची लाज वाटायला लागली."

वहिनीनं हातातलं दुपटं घडी करून बाजूला ठेवलं. नणंदेचं ताट तसंच राहिलं.

त्या संध्याकाळी वहिनीनं नवऱ्याला सगळं सांगितलं. आपण बऱ्या झालो हेही सांगितलं आणि म्हणाली, "मला पुढे बसायचंय."

तो हिशेबातून मान वर न करता म्हणाला, "आता कशाला? सगळं नीट बसलंय. गिऱ्हाइकांना तिची सवय झालीये."

"तिनं माझ्यापासून लपवलं, हे ऐकलंत ना?"

"बायका-बायकांच्या भानगडीत मी पडत नाही. आणि उद्या परत तसं झालं तर?"

"होत नाही आता."

"कशावरून?" असं म्हणून तो हसला. वाईट हेतूनं नव्हे, नेहमीसारखाच हसला. वहिनीला त्या हसण्यानंच कळलं. आजाराचं नुसतं निमित्त होतं. आत कोणीतरी हवंच होतं, पगार न मागणारं.

दुसऱ्या दिवशी नवऱ्यानं सुनेला हाक मारली, "अगं, तेवढे ट्रे आत ने." वहिनी मध्ये आली. "तिचं बाळंतपण होऊन अजून सहा महिने झाले नाहीत. तुम्ही न्या, नाहीतर मुलाला सांगा."

"तू नाही का उचललीस पोती?"

"उचलली. म्हणूनच सांगतेय."

मुलानं खाली मान घालून ट्रे नेले. नवरा दोन दिवस बोलला नाही.

महिन्याभरानं समोरच्या वह्या-पेनांच्या दुकानाच्या मालकिणीला गिऱ्हाइकं बघायला माणूस हवं होतं. वहिनी तिथे लागली. भट्टीवर नवऱ्याला पगारी माणूस ठेवावा लागला. "बायकोला घरात करमत नाही," असं तो गिऱ्हाइकांना सांगतो. आता दुकान नीट चालत नाही, असंही म्हणतो.

सुनेनं एकदा विचारलं, "आई, आत्यांशी बोलणार नाही का कधी?"

"अंग सुधारलं तेवढं पुष्कळ झालं. बाकीच्याला कोणी व्यायाम सांगितलेला नाही."

एकदा नणंद रस्ता ओलांडून आली. तिच्या केसांत पांढरं बरंच दिसत होतं. पेनाची रिफील मागितली. वहिनीनं कागदावर गिरवून शाई उतरते का ते पाहून दिली.

"वहिनी, माझे गुडघे गेले गं. दादा म्हणत होता, तू परत आलीस तर..."

"निळीच हवी होती ना?" वहिनीनं विचारलं.

नणंदेनं मान हलवून पैसे ठेवले. मागे शाळेच्या मुली वह्यांसाठी ढकलाढकल करत होत्या. ती बाजूला झाली, आणि वहिनी त्या मुलींकडे वळली.