राणी कपिओलानी आणि माझी आई

माझी आई गोदाबाई जिवंत असताना मी तिच्या फोटोला हार घातला. सरळ कबूल करते, उगाच आढेवेढे कशाला. माझ्या मुलीला, प्रणालीला, बघायला अकोल्याची माणसं आमच्या धामणगावला यायची होती आणि 'मुलीची आजी कुठं असते?' हा प्रश्न मला नको होता. आजी अमरावतीजवळ कुष्ठरोग्यांच्या वसाहतीत असते. रोग बरा होऊन चाळीस वर्षं झाली, बोटं तेवढी गेली. पण लोकांना नेमकी बोटंच दिसतात. मी स्वतः अशा रोग्यांच्या मुलींसाठी काढलेल्या वसतिगृहात वाढले. लग्नानंतर वर्षातून दोनदा आईला भेटायला जायचे आणि शेजारणींना सांगायचे, कापड घ्यायला चालले.

पाहुण्यांनी हार पाहिला, हात जोडले. त्यांचा मुलगा नितेश आम्हाला पसंत पडला, प्रणाली त्यांना. साक्षगंधाची, म्हणजे साखरपुड्याची, तारीखही निघाली. त्या दिवसापासून प्रणाली मात्र माझ्याशी कामापुरतंच बोलायला लागली.

ती अकोल्याच्या एका दवाखान्यात, बाळंतपणाच्या वॉर्डात नर्स आहे. परिचारिका दिनाला तिचं भाषण होतं, म्हणून मी गेले. नितेशची आई सत्यवतीबाईही आल्या आणि माझ्या शेजारीच बसल्या. मला वाटलं, पोरगी दरवर्षीचंच काहीतरी बोलेल. पण तिने काढली हवाई बेटांची राणी कपिओलानी, कालाकाउआ राजाची बायको. त्या काळी तिकडे कुष्ठरोग्यांना मोलोकाई नावाच्या बेटावर नेऊन सोडत. १८८४ साली ही राणी तिथं गेली, त्यांच्यात फिरली, त्यांचं गाऱ्हाणं ऐकलं. पुढच्याच वर्षी रोग्यांच्या मुलींसाठी तिच्या नावाचं घर उघडलं. स्वतःला मूल नव्हतं, तरी तिने बाळंतिणींसाठीही दवाखाना काढला. तो वाढत वाढत आजही चालू आहे, तिच्याच नावाने.

एवढं ऐकल्यावर पुढचं मला कळलंच.

"माझी आई अशाच एका घरात वाढली," प्रणाली म्हणाली, "आणि माझी आजी जिवंत आहे."

टाळ्या झाल्या. मी मान वर केली नाही. पोरीने स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेतला, लग्न मोडलं, एवढंच डोक्यात होतं. सगळे उठून गेल्यावर सत्यवतीबाई माझ्याकडे वळल्या.

"फसवलं तुमी आमाले," त्या म्हणाल्या. "त्याचा राग हाये मले. रोगाचा नाई."

मी माफी मागायला लागले, तर त्यांनी हातानेच थांबवलं. साक्षगंधाला पहिली ओटी आजीच भरेल, असं त्यांनी बजावलं. आजी नाही, तर साक्षगंधही नाही. चहासुद्धा न घेता त्या निघून गेल्या.

इतकी वर्षं मी जगाला नावं ठेवत होते. जगाइतकीच लाज मलाही वाटत होती, हे त्या रिकाम्या खुर्च्यांत बसून मला कळलं, आणि फार वाईट वाटलं.

दुसऱ्या दिवशी मी वसाहतीत गेले. आई दारात बसून, सूप दोन्ही मनगटांत धरून तुरीची डाळ पाखडत होती. मी तिला सगळं सांगितलं, हारासकट. सांगताना रडले. ती पाखडतच होती.

"कवा मेली म्हने मी?" तिने विचारलं.

"पाच वर्षं झाली असं सांगितलं."

"तेरवी केली?"

"नाही वं माय."

"लोकं जेवू घातले?"

मी नाही म्हणून मान हलवली. तिने सूप खाली ठेवलं.

"तेरवी नाई, जेवन नाई, अन् मले मारून राहिली. असं कोनी मरते का चंदे?" ती हसली, आणि मग तिचा आवाज बदलला. "तुह्या लग्नाले मले कोनी बलावलं नाई. तवाची तुही ओटी राहिली हाये. डब्यातून तांदूळ काढ. पहिले तुही भरतो, मंग पोरीची."

मी तिथंच, दारात, तिच्यासमोर पदर पसरला.