चौकटीत मावणारं उत्तर

डस्टर सरांच्या हातात होता आणि त्याचं नाव त्यांना आठवत नव्हतं. फळा अर्धा पुसून झाला होता. बाकांवरून सगळे त्यांच्याकडे बघत होते. सरांनी डस्टर उंच धरला आणि शांतपणे विचारलं, "अ थिंग विच क्लीन्स द बोर्ड?"

"डस्टर," वर्ग एका सुरात म्हणाला.

"गुड," म्हणून सर उरलेला फळा पुसायला वळले. वर्गाकडे पाठ असताना त्यांनी तो शब्द मनातल्या मनात घोळवून पाहिला. फळा पुसून होईपर्यंत तो पुन्हा निसटला होता.

चष्म्याच्या दुकानावरच्या मजल्यावर चालणारा हा इंग्रजीचा क्लास. सकाळच्या बॅचला कामावर जाण्याआधी येणारी मोठी माणसं असत. पुढच्या बाकावर बस चालवणारा एक जण बसे. पहिल्याच दिवशी त्याने इंग्रजीतून ओळख करून देताना स्वतःला पायलट म्हटलं होतं आणि ते नाव त्याला चिकटलं ते चिकटलंच. खिडकीपाशी रुग्णालयात वॉर्डात काम करणारी बाई बसे. तिथे तिला सगळे मावशी म्हणत, म्हणून इथेही ती मावशीच झाली, वर्गातल्या निम्म्या लोकांपेक्षा ती लहान होती तरी.

गेले कित्येक आठवडे वर्गात संबंधी वाक्यं चालली होती. हू, विच, दॅट. सर वर्णन सांगत आणि वर्ग नाव ओळखे. अ मॅन हू ड्राइव्ज अ बस. अ प्लेस व्हेअर सिक पीपल गो. मराठीतलं 'जो-तो' जसं दोन वाक्यांना एका दोरीत ओवतं तसंच हे, एवढं समजावलं की धडा संपतो, असं सरच पूर्वी म्हणत. या बॅचला मात्र धडा संपत नव्हता. वर्गाला तो कोड्यांसारखा वाटे, त्यामुळे सुरुवातीला कुणी कुरकुर केली नाही. सरांना तो हवा होता तो वेगळ्याच कारणासाठी. या एका धड्यात वस्तूंची नावं घ्यायचं काम विद्यार्थ्यांचं होतं.

सुरुवात मागच्या हिवाळ्यात झाली. भिंतीवरच्या घड्याळासाठी काहीतरी घ्यायला ते दुकानात गेले आणि काउंटरसमोर उभेच राहिले. शेवटी "ज्याच्यावर घड्याळ चालतं ते द्या" म्हणाले. दुकानदाराने न हसता सेल काढून दिले. मग किल्ली गेली, छत्री गेली, शेजाऱ्यांची आडनावं गेली. मराठीतली गेली तशी इंग्रजीतलीही गेली. डॉक्टरांनी मेंदूचे फोटो दिव्यावर धरून सांगितलं की वाक्याची बांधणी अजून शाबूत आहे, पण नावं गळत आहेत, आणि हे थांबणारं नाही. दवाखान्याच्या जिन्यावर सर बायकोला म्हणाले, "क्रियापदं सगळी कामावर आहेत. नामं तेवढी रजेवर गेलीत." ती हसली नाही. क्लास आता बंद करा, एवढंच म्हणाली. ही बॅच परीक्षेला बसली की सोडतो, असं त्यांनी कबूल केलं. त्यानंतर आपण घरात बसून नेमकं काय असणार, हे त्यांनी तिला विचारलं नाही, कारण ते तिलाही माहीत नसणार.

तोवर सोडायचं नाही म्हटल्यावर त्यांनी सोयी करून घेतल्या. हजेरी पुकारण्याऐवजी कागद बाकांवरून फिरवायचा. कुणाला उठवायचं असेल तर खडू रोखून "यू, हू आर लाफिंग" म्हणायचं, म्हणजे धडाही होतो आणि नावही लागत नाही. क्लासच्या दारात कुणी जुना विद्यार्थी भेटून "सर, ओळखलंत का?" म्हणाला तर काय, या धास्तीने ते रोज वेळेच्या बरेच आधी येऊन वर्गात बसून राहत.

एका गोष्टीची सोय मात्र लागत नव्हती. संबंधी वाक्यांनंतर वाक्यांचे प्रकार येतात: विधानार्थी, प्रश्नार्थी, आज्ञार्थी, उद्गारार्थी. त्यातल्या प्रश्नार्थीचा सराव विद्यार्थ्यांनी विचारून आणि शिक्षकाने उत्तरं देऊन होतो. आणि उत्तर म्हणजे बहुतेक वेळा नाव. गावाचं, माणसाचं, वस्तूचं, दिवसाचं. सरांनी तो धडा एकदा पुढे ढकलला, मग पुन्हा ढकलला.

एके दिवशी वर्ग सुटल्यावर मावशी थांबली. तिला तोंडी परीक्षेची काळजी होती. परीक्षक हातात कार्ड देतो, त्यावरून त्यालाच प्रश्न विचारायचे, मिळालेली उत्तरं लिहून घ्यायची. गेल्या खेपेला ती तिथेच नापास झाली होती. रुग्णालयात नोंदणीच्या काउंटरवर जागा निघणार होती. इंग्रजीचा दाखला असेल तर ती मिळणार होती, नाहीतर पुन्हा वॉर्डातल्या चादरी आणि बेडपॅन. कंबर आता वाकायला नको म्हणते, असं ती कुणा दुसऱ्याच्या कंबरेबद्दल बोलावं तशी म्हणाली.

"प्रश्न कधी घेणार, सर?"

"पुढच्या आठवड्यात."

"मागच्या आठवड्यात पण पुढचाच आठवडा होता."

ती चिडून बोलली नव्हती, त्यामुळे सरांना ते जास्त लागलं. त्यांनी मान हलवली आणि खडूची पेटी उगीच आवरायला घेतली.

त्याच सुमारास पायलटने क्लासच्या मॅडमकडे तक्रार केली की गाडी हू-विचच्या स्टॉपवरच उभी आहे, पुढचे प्रवासी खोळंबलेत. मॅडम तरुण होत्या, वडिलांनंतर क्लास त्यांच्याकडे आला होता. सरांविषयी त्यांना आदर होता. तक्रारीचं काही मनावर घेऊ नका, असं त्यांनी तीन वेळा म्हटलं आणि चौथ्यांदा म्हणाल्या की गुरुवारी मी मागे येऊन बसते, प्रश्नार्थी वाक्यंच घ्या.

बुधवारी दुपारी बायकोने कपड्यांच्या घड्या घालता घालता सरावाचं पुस्तक मांडीवर घेतलं. इंग्रजी तिला वाचण्यापुरतं येत होतं. ती एकेक प्रश्न वाचायची आणि सर उत्तर शोधायचे. काल काय जेवलात, या प्रश्नाला बराच वेळ गेला. तुमच्या खोलीत काय काय आहे, याला त्याहून जास्त. उत्तर बघायला ते वस्तूकडे वळायचे आणि वस्तू नुसती तिथे असायची. मग तिने विचारलं, "व्हॉट इज युवर वाइफ्स नेम?"

सर तिच्या तोंडाकडे बघत राहिले. खाली रस्त्यावर कुणीतरी शटर वर ढकललं. "थांब, येतंय," ते म्हणाले.

ती थांबली. एका उशीच्या अभ्र्याची घडी मोडून तिने ती पुन्हा घातली. मग पान उलटलं.

"राहू दे. हा प्रश्न परीक्षेत येत नाही."

गुरुवारी मॅडम शेवटच्या बाकावर येऊन बसल्या. सरांनी फळ्यावर चारही प्रकारांची एकेक ओळ लिहिली. ती त्यांनी घरून हातावर पेनाने लिहून आणली होती. मग वर्गाच्या जोड्या लावून टाकल्या. एकाने विचारायचं, दुसऱ्याने सांगायचं. खोलीत गलका झाला. सर बाकांमधून फिरत क्रियापदं दुरुस्त करत राहिले. त्यांना दरदरून घाम आला होता, पण काम चाललं होतं. तास संपत आला तेव्हा मॅडम हौसेने म्हणाल्या की आता सगळ्यांनी सरांनाच विचारा.

पहिला हात पायलटचा. सरांचं गाव कोणतं, हे त्याला हवं होतं.

सरांनी खिडकीकडे पाहिलं. "द टाउन विच हॅज अ रिव्हर ऑन टू साइड्स," ते म्हणाले. मग कुणीतरी एका गावाचं नाव सुचवलं, कुणी दुसरं, आणि वर्गाला कळलं की सरांनी प्रश्नांचंही कोडं केलंय. आवडती भाजी विचारली, सरांनी तिचा रंग आणि ती कापताना डोळ्यांचं काय होतं ते सांगितलं. मित्राचं नाव विचारलं, तो कसा चालतो ते सांगितलं. वर्ग हसत होता, ओळखत होता. शेवटच्या बाकावर मॅडम पुढे झुकून ऐकत होत्या. सरांना वाटलं, निभावलं.

मावशी सगळ्यांत शेवटी उठली. हातातल्या चिठोऱ्यावर तिने काउंटरवरचे प्रश्न लिहून आणले होते. तिने पेशंटचं नाव विचारलं. सरांनी सांगितलं, अ मॅन हू टीचेस इंग्लिश. तिने पत्ता विचारला. द हाउस दॅट स्टँड्स बिहाइंड द बँक. ती पेन हातात धरून उभी होती. तिने काहीच लिहिलं नाही.

"सर, फॉर्मवर एवढं मावत नाही," ती म्हणाली.

वर्गात हशा पिकला. मॅडमही हसल्या. मावशी हसली नाही. चिठोऱ्याची घडी करून ती खाली बसली. तिला हवी होती ती सरळ उत्तरं तिला आज मिळाली नव्हती, आणि परीक्षा महिनाअखेरीला होती.

वर्ग सुटल्यावर मॅडमनी सरांना ऑफिसात बोलावलं, चहा मागवला. त्या भारावल्या होत्या. एकाच तासात प्रश्न आणि संबंधी वाक्यं असं कुणी गुंफलेलं त्यांनी पाहिलं नव्हतं. पुढच्या वर्षी सरांनी बाकीच्या शिक्षकांनाही ही पद्धत शिकवावी, असं त्यांच्या मनात होतं. हवं तर वर्ग कमी करू, पण सरांनी क्लास सोडायचा नाही. सर चहाच्या कपाकडे बघत होते. नुसतं 'बरं' म्हटलं की झालं असतं. निदान आणखी एक वर्ष ते कुणाचे तरी सर राहिले असते.

"ती पद्धत नाही, मॅडम," ते म्हणाले. "मला शब्द सापडत नाहीत."

मॅडमना तो नम्रपणा वाटला. या वयात होतंच तसं, मलासुद्धा नावं आठवत नाहीत, असं त्या म्हणाल्या. सरांनी टेबलावरची वस्तू उचलली, कागद उडू नयेत म्हणून ठेवतात ती. ती हातात घेऊन ते त्यांच्याकडे बघत बसले. तिचं नाव घेतलं नाही, वर्णनही केलं नाही. हळूहळू मॅडमचं हसू मावळलं. मग त्यांनी डॉक्टरांचं विचारलं आणि सरांनी सगळं सांगितलं, छोट्या छोट्या वाक्यांत. या बॅचला उद्यापासून दुसरं कुणीतरी द्या, एवढं त्यांनी मागितलं. प्रश्नांना उत्तर देईल असं.

मॅडमनी उद्याची सोय करते म्हटलं. त्यांना आणखी काही बोलायचं होतं, पण सर उठले होते.

मावशी जिन्यात उभी होती. फॉर्मचं बोलले ते तोंडातून निघून गेलं, असं ती म्हणाली. सरांनी तिला सांगितलं की बोललात ते बरोबर होतं, आणि उद्या दुसरे सर येतील. का, ते तिने विचारलं. त्यांनी तेही सांगितलं. मॅडमना सांगून झाल्यावर दुसऱ्यांदा सांगणं सोपं गेलं.

खाली चष्म्याचं दुकान उघडत होतं. मावशीने पिशवीतून ते चिठोरं काढलं आणि इंग्रजीत, एकेक शब्द नीट उच्चारत, विचारलं की हा त्रास कधीपासून आहे.

"सिन्स लास्ट विंटर," सर म्हणाले.

तिने ते पिशवीच्या आधाराने लिहून घेतलं. दुखतं का, हे विचारलं.

"नो."

तेही लिहिलं. वाक्याची रचना दोन्ही वेळा बरोबर होती, आणि सरांनी ते तिला मान डोलावून सांगितलं. ती पुढचा प्रश्न शोधत होती, मग स्वतःशीच म्हणाली, "घ्या, पहिलाच राहिला की," आणि कागद सरळ धरून तिने विचारलं, "व्हॉट इज युवर नेम, सर?"

सरांनी तोंड उघडलं.

तिची ड्यूटी सुरू व्हायची वेळ झाली होती आणि बसस्टॉप रस्त्याच्या पलीकडे होता. मावशीने पिशवी पायरीवर ठेवली, पेन कागदावर टेकवलं आणि वाट बघत उभी राहिली.