पसरणीच्या घाटात टेकलेला पाय

मी एक जुनी सायकल आहे. जुनी म्हणजे भंगार नव्हे, हे आधीच सांगून टाकते. कारण मित्रांनो, या दोन शब्दांतला फरक हल्ली तुमच्यातल्या बऱ्याच जणांना कळत नाही.

चाळीस वर्षांपूर्वी सांगलीच्या एका दुकानात माझे सुटे भाग जोडले गेले. आष्ट्याच्या सुकुमार नावाच्या तरुण शेतकऱ्याने मला घरी नेलं. घर जैनांचं. सुकुमारांच्या आईने मला दारातच अडवलं, कारण माझी सीट चामड्याची होती. चामडं उंबऱ्याच्या आत येणार नव्हतं. तिने ते काढायला लावलं आणि जुन्या लुगड्यांची जाडजूड वाकळ शिवून माझ्या स्प्रिंगांवर बांधली. अशी सीट अख्ख्या तालुक्यात दुसऱ्या सायकलीला नव्हती.

मग मी राबले. वैरणीचे भारे वाहिले, दुधाच्या किटल्या वाहिल्या, केळीचे घड वाहिले. सुकुमारांचा मुलगा जिनेंद्र माझ्या पुढच्या नळीवर टॉवेल गुंडाळून, तिच्यावर बसून शाळेत जायचा. सकाळच्या गार वाऱ्यात त्याला डुलकी लागायची आणि त्याचं डोकं माझ्या हँडलवर टेकायचं. तेव्हा सुकुमार खड्डे चुकवत इतके हळू चालवायचे की मलाही झोप यावी. गावात म्हणायचे, सायकल ठेवावी तर सुकुमारनं. मग घरात मोटारसायकल आली आणि मी गोठ्यात कडब्याच्या आड गेले. अकरा वर्षं. कुणी भांडलं नाही, कुणी टाकून बोललं नाही. नुसते विसरले.

जिनेंद्र मोठा झाला आणि त्याने हमरस्त्याला हॉटेल काढलं. एक दिवस तो गोठ्यात येऊन माझ्याकडे बघत उभा राहिला.

"आण्णा, ही नुसती गंजतीया. पिवळा रंग देऊन हॉटेलच्या भितीवर टांगतो. वर फुलांच्या कुंड्या. लोक थांबून फोटो काढतील."

सुकुमारांनी माझ्या सीटवरची धूळ हाताने झटकली. लग्नानंतर ते बायकोला, आक्काताईंना घेऊन एसटीने महाबळेश्वरला गेले होते. पसरणीच्या घाटात खिडकीतून एक सायकलवाला चढताना दिसला, तेव्हा ते म्हणाले होते, "मी पण एकदा जाणार." त्यावर आक्काताई एवढ्या हसल्या होत्या की शेजारची बाई वळून बघायला लागली.

"आधी पसरणी घाट चढून येतो," आता सुकुमार म्हणाले. "मधी कुठं पाय टेकला न्हाई तर सायकल घरात ऱ्हाईल. टेकला तर घाल तुझ्या भितीवर."

"शब्द?"

"शब्द."

आतून आक्काताई ओरडल्या, "आवं, एकसष्ट वय झालं! गुडघं तुमचं हाईत का सायकलीचं?"

नात सुंदरी मात्र आजोबांच्या बाजूने उभी राहिली. ती कॉलेजात शिकते, तिची स्वतःची गिअरची सायकल आहे. तिने मला आप्पासो मिस्त्रींकडे नेऊन मागे मोठी फ्रीव्हील बसवून घेतली, म्हणजे चढाला पाय हलके पडतील. महिनाभर दोघं रोज पहाटे सराव करत होते. माझ्या हाडांतला गंज झडत गेला.

फेब्रुवारीत आम्ही निघालो, सुंदरी तिच्या गिअरच्या सायकलीवर. मित्रांनो, ते दोन दिवस मी कसे सांगू? उसाच्या रानांतून धुकं वर उठत होतं आणि आम्ही त्याच्या खालून चाललो होतो. कऱ्हाडला नदीच्या पुलावर वाऱ्याने मला अलगद उचललं. साताऱ्याच्या अलीकडे डोंगर असे सरकत होते, जणू तेच चाललेत आणि मी जागेवर उभी आहे.

रात्रीचा मुक्काम करून दुसऱ्या सकाळी लिंबच्या बारा मोटांच्या विहिरीपाशी थांबलो. खाली दगडी पायऱ्या, खोल हिरवं पाणी, पाण्यात आभाळाचा तुकडा. मी काठावर टेकून नुसती बघत होते. तिथे महागड्या सायकलींचा एक घोळका आला. एकाने खाऊचं चकचकीत पाकीट फोडलं, खाल्लं, आणि कागद सरळ विहिरीत सोडला. वर मला बघून म्हणाला, "काका, काय व्हिंटेज पीस आहे!"

"पीस तुमच्याकडं आसल," सुकुमार म्हणाले. "ही सायकल हाय. आन् तो कागद काढा आधी. तीनशे वर्सं झाली बांधून, तुमच्या कचऱ्यासाठी न्हाई बांधली."

तो पायऱ्या उतरला, पण कागद मध्यावर गेला होता. माझा राग अजून तिथेच तरंगतो आहे.

वाईच्या जवळ मेणवलीला कृष्णेचा दगडी पायऱ्यांचा घाट लागला. दहाला थोडं खाऊन झालं होतं. चढाआधी पोट हलकं हवं, बाकीची शिदोरी माथ्यावर जाऊन खायची, असा सुकुमारांचा बेत. ते सूर्यास्तानंतर अन्नाला शिवत नाहीत, पाणीसुद्धा पीत नाहीत. आष्ट्याच्या कॅलेंडरात बघून त्यांनी चिठ्ठीवर लिहून आणलं होतं: सूर्यास्त सहा बत्तीस. वेळ भरपूर होता. झाडाच्या सावलीत ते आडवे झाले. नदी वाहत होती, देवळातून घंटेचा एक टोल आला आणि बराच वेळ पाण्यावर रेंगाळला. आम्ही तिघंही झोपलो. मीसुद्धा.

पसरणीच्या घाटाला लागलो तेव्हा पावणेपाच झाले होते.

पहिली वळणं सोपी गेली. खाली वाई लहान होत गेली. सुकुमारांचा श्वास आणि माझी साखळी एका ठेक्यात चालली होती. आणि अचानक सूर्य डोंगराआड गेला.

आष्ट्याच्या सपाट रानात सूर्य जमिनीला टेकून बुडतो. दिसेनासा झाला की मावळला, एवढं साधं असतं ते. डोंगर मध्ये येतो हे सुकुमारांच्या हिशेबातच नव्हतं.

"मावळला की गं," ते म्हणाले. "कॅलेंडर खोटं छापत्यात."

"आवं आबा, डोंगराच्या मागं गेलाय! साडेपाच वाजल्यात. ही घ्या दशमी, चालवत खावा."

"चरत जायला मी शेळी हाय? आन् दिसत न्हाई म्हंजे मावळला. आता जेवण गेलंच, निदान सायकल तरी राहू दे."

ते चालवत राहिले. पण पोट रिकामं होतं. वळणामागून वळण येत होतं आणि त्यांचे पाय जड होत होते. माझं पुढचं चाक डगमगायला लागलं. हँडलवरचे त्यांचे तळवे गार पडले, घामाने निसटायला लागले. वरून येणाऱ्या गाड्या हॉर्न वाजवत जवळून जात होत्या. डावीकडे कठडा होता आणि कठड्यापलीकडे काहीच नव्हतं.

माथा जवळ आला, एक वळण घेतलं, आणि डोंगराच्या खाचेतून सूर्य पुन्हा समोर उभा राहिला. तांबडा, मोठा, निवांत. मावळलेला सूर्य आमच्यासाठी परत आला होता. माझ्या प्रत्येक आरीवर तो चमकत फिरायला लागला.

"सुंदरे! हा आला की माघारी!"

"सहा बावीस. दहा मिनटं हाईत आबा. टेका पाय."

"माथा?"

"तुमच्या चालीनं पंधरा मिनटं. टेका, ऐका माझं!"

"सायकल जाईल."

"जाऊ दे सायकल!"

मित्रांनो, खोटं बोलत नाही. मला राग आला. इतकी वर्षं राबले आणि माझ्या तोंडावर 'जाऊ दे'! पण माझ्या हँडलवरून ते दोन हात पुन्हा पुन्हा निसटत होते, आणि ते मला त्या पोरीपेक्षा जास्त जाणवत होते. मीही मनात म्हटलं, टेका.

त्यांनी पाय टेकला.

कठड्यावर बसून त्यांनी हात धुतले, डोळे मिटून हात जोडले आणि दशमी, बिनलसणाची शेंगदाण्याची चटणी, दही खाल्लं. घास चावून, घाई न करता. वर दोन घोट पाणी. तोंड पुसलं तेव्हा खाचेत नुसता उजेड उरला होता.

सुंदरी हळूच म्हणाली, "पप्पांना नगा सांगू. कुणी बघितलंय?"

"मी बघितलंय की," सुकुमार म्हणाले आणि माझ्यावर बसले. "चल. आता शर्यत न्हाई. आता नुसतं जायाचं."

त्या शेवटच्या चढावर मला कसलं वजनच जाणवलं नाही. दरीत निळा अंधार भरत होता, खाली दिवे लागत होते, आणि आम्ही तरंगत वर चाललो होतो.

माथ्यावर जिनेंद्र पिकअप घेऊन उभा होता. त्याने धावत येऊन माझं हँडल धरलं. "आण्णा, आलासा की! टेकला न्हाई न्हवं?"

"टेकला. जेवाय बसलो हुतो. घाल गाडीत."

मित्रांनो, तुम्हाला वाटेल जिनेंद्र विरघळला. नाही विरघळला. तोही शब्दाचाच माणूस, आणि भिंत त्याने आधीच रंगवून ठेवली होती. आज मी पिवळी आहे. माझ्या कॅरिअरवर जास्वंदीची कुंडी आहे. लोक माझ्यापुढे उभे राहून दात काढतात, फोटो काढतात आणि खायला आत जातात. मला कुणीही हात लावत नाही.

फक्त दर रविवारी सुकुमार येतात. शिडी लावतात, खिशातून हातपंप काढतात आणि माझ्या दोन्ही चाकांत हवा भरतात. गिऱ्हाइकं हसतात. "आजोबा, टांगलेल्या सायकलीला हवा कशाला?"

ते दाबून बघतात, अजून दोन हात मारतात आणि उतरतात.

मी मात्र उत्तर देते. तुमच्या जिन्याखाली, गच्चीवर, अडगळीत माझी एखादी बहीण पडली असेल. तिला रंग लावू नका. तिच्यापुढे उभं राहून फोटो काढू नका. तिच्यात हवा भरा. आणि कधी या रस्त्याने गेलात तर थांबा. मला भिंतीला धरून ठेवणारे फक्त दोन नट आहेत, आणि पाना तुमच्या घरात आहे.