वैष्णवी बोलली तेव्हा

रिठद गावात घरोघरी बाळंतिणी तपासणारी नर्स नीलिमा वैष्णवीच्या घरी पोचली, तेव्हा खाटेवरचं बाळ रडून रडून लालबुंद झालं होतं. त्याची आई त्याच्याकडे बघतही नव्हती. सासू पंचफुलाबाई चुलीपुढं भाकरी थापत होती आणि नवरा मुन्ना दारात उभा होता.

नीलिमानं बाळ उचलून सासूकडे दिलं. मग वैष्णवीच्या हातात प्रश्नांचा कागद ठेवला. "आठवडाभर तुले कसं वाटलं, एवढंच सांगाचं. तूच वाच, तूच खुणा कर."

"तिले काय समजते?" मुन्नानं कागद हिसकला आणि सगळं उत्तम असल्याच्या खुणा करत सुटला. शेवटचा प्रश्न मात्र त्यानं हसत मोठ्यानं वाचला. "जिवाचं बरंवाईट करावं वाटलं का? काय वं, वाटलं का?"

"रोज वाटते," वैष्णवी म्हणाली.

"लोकाइसमोर इज्जत काढून राह्यली?" मुन्नानं तिचे केस धरले आणि डोकं भिंतीवर आपटलं. नीलिमा मधे पडली. तिच्या तोंडावर असा ठोसा बसला की ओठ फाटून रक्त आलं. तो पुन्हा वैष्णवीकडे वळला. तोवर तिच्या हाती विळा लागला होता. तिनं तो त्याच्या दंडात घातला. मुन्ना किंचाळला. विळा दुसऱ्यांदा वर गेला, तसा नीलिमानं दोन्ही हातांनी तिचं मनगट धरलं.

"सोडा मले! त्याले मारतो, मंग मी मरतो!"

मुन्नानं कोपऱ्यातली कुऱ्हाड उचलली. पंचफुलाबाईनं बाळ खाटेवर टाकलं आणि चुलीतलं जळतं लाकूड ओढून लेकापुढं धरलं.

"पुढं आला तं थोबाड जाळीन! तुह्या बापानं जनमभर मले हाणलं. मले कोणी इचारलं नाही. हिले इचारून राह्यले तं बोलू दे."

तो आला. तिनं खरंच त्याच्या हातावर लाकूड ठेवलं. कुऱ्हाड खाली पडली.

शेजाऱ्याच्या जीपमधून तिघी वाशिमला गेल्या. बाळ पंचफुलाबाईच्या मांडीवर होतं. सरकारी दवाखान्यात वैष्णवीच्या डोक्याला टाके पडले, नीलिमानं पोलिसांत जबाब दिला आणि मानसोपचाराच्या डॉक्टरांनी वैष्णवीला भरती करून घेतलं. तिथं ती खूप बोलली, मधेमधे ओरडलीसुद्धा.

सुटी झाल्यावर दोघी सासू-सुना वाशिमलाच खोली घेऊन राहिल्या. औषधं लागू पडायला वेळ लागला. एका दुपारी बाळ रडलं आणि पंचफुलाबाई उठायच्या आत वैष्णवीनं त्याला छातीशी घेतलं.

"बसा तुमी, आत्याबाई," ती म्हणाली. "पाहतो मी."