प्रार्थनेचं पाणी

"फादर, तुम्ही एकदा नुसतं बोला. बाकी विहिरीवर झाकण-बिकण मी बघतो," मी म्हटलं.

फादर जीपमधून उतरेचनात. गुडघा दुखतोय म्हणाले. गुडघा त्यांचा रोजच दुखतो, पण तेवढ्यासाठी बसून राहिलेलं मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं.

घोळ त्यांनीच घातला होता, आणि तोही चांगुलपणापायी. आमचं मिशन गावोगाव बोअर मारून हापसे बसवतं. मी तिथला मिस्त्री, अर्धा जन्म पाइप चढवण्या-उतरवण्यात गेला. हापसा चालू झाला की फादर त्याच्यापाशी उभं राहून प्रार्थना करतात, मगच पहिली बादली भरायची, ही आमची रीत. या गावातल्या बायका म्हणाल्या, आमच्या जुन्या विहिरीनं काय पाप केलंय, तिच्यासाठीही दोन शब्द म्हणा. फादरना नाही म्हणता येत नाही. गेले आणि म्हणून आले. झालं, संपला विषय. विहिरीचं पाणी तपासणीत नापास झालेलं, शेजारच्या गोठ्यातली घाण आत झिरपते. पण आता ते प्रार्थनेचं पाणी. त्यातून चवीला गोड आणि घराजवळ. हापशाकडे कुणी फिरकेना.

मग घरोघर जुलाब सुरू झाले. दवाखान्यातली नर्स माझ्यावरच डाफरली, मी गोळ्या देते आणि ही माणसं त्या विहिरीच्याच पाण्याबरोबर गिळतात. मी सांगून सांगून थकलो. पण माझं कोण ऐकतंय? मी पडलो नट-बोल्टवाला.

सगळ्यांत वाईट हाल विहिरीशेजारच्या म्हातारीच्या नातवाचे होते. पोराचे डोळे खोल गेलेले, चादरीखाली कुणी आहे की नाही तेही कळत नव्हतं. आणि म्हातारी मुद्दाम त्याला तेच पाणी चमच्याचमच्यानं पाजत होती, उतार पडेल म्हणून. काल फादर त्याच्या डोक्यावर हात ठेवून प्रार्थना करून आले. उशाशी कसलं पाणी आहे ते त्यांनी विचारलं, तर म्हातारी म्हणाली, तुमच्या प्रार्थनेचंच.

शेवटी उतरले एकदाचे. विहिरीवर पाच-सहा बायका होत्या, म्हातारीची घागर नुकतीच भरून झाली होती. फादर खाकरले.

"माझ्या प्रार्थनेनं हे पाणी शुद्ध झालेलं नाही," ते म्हणाले. "होतही नसतं. यानंच पोरं आजारी पडताहेत. हापशाचं प्या."

मला वाटलं, सुटलो. तेवढ्यात म्हातारीनं विचारलं. भांडायला म्हणून नाही, अगदी साधं विचारलं.

"मग काल माझ्या नातवाच्या डोक्यावर हात ठेवून केलीत, ती?"

मी हातातला पान्हा उगाचच या हातातून त्या हातात घेत राहिलो. मरणाच्या दारात बसलेल्या माणसापाशीही फादरना शब्द सापडतात, हे मी पाहिलेलं आहे.

"ते मला माहीत नाही, आजी," ते म्हणाले. "कुठलं पाणी पाजायचं, तेवढं माहीत आहे."

त्यांनी तिची घागर घेतली, तिथंच उपडी केली आणि लंगडत हापशाकडे निघाले. आम्ही सगळे मागोमाग. ते स्वतःच दांडा मारायला लागले. मी पुढे झालो तर मानेनंच नको म्हणाले. त्यांना धाप लागली होती. सकाळपासून मला त्यांचा राग येत होता, तो कुठे गेला कोण जाणे. आता नुसतं वाईट वाटत होतं.

घागर भरली. एरवी ही म्हातारी फादरपुढे डोकं वाकवल्याशिवाय हलायची नाही. आज तिनं घागर कमरेवर घेतली आणि तरातरा घराकडे चालू लागली. फादरचा हात सवयीनं आशीर्वादासाठी अर्धा वर आला होता. तो त्यांनी झग्याला पुसला आणि पुढच्या बाईची घागर हापशाखाली ओढली.