थप्पीला हात

बाबासोंनी तांदळाचा डबा गव्हाच्या डब्यावर ठेवला आणि हात मागं घेतला. डबा हलला नाही. तरी त्यांचा उजवा हात पुन्हा पुढं निघाला.

"काका, हात मांडीवर," सुमेधा मॅडम म्हणाल्या.

ते खाली बसले. तळहात मांडीवर दाबून धरला.

"किती?"

"भरलेलं पोतं."

भीती किती आहे ते दहापैकी आकड्यात सांगणं त्यांना जमत नव्हतं. जन्म मार्केटात पोती उचलण्यात गेला होता, म्हणून मॅडमनी ओझ्यातच विचारायचं ठरवलं होतं. त्या सानपाड्याच्या दवाखान्यात मानसोपचार करायच्या. आज पहिल्यांदाच घरी आल्या होत्या, कारण जे करायचं होतं ते घरातच करावं लागणार होतं.

कोपरखैरण्यातल्या या दोन खोल्यांत बाबासोंची बायको राहीबाई गेल्यापासून कुठलीच वस्तू दुसऱ्या वस्तूवर नव्हती. ताटं, डबे, वाकळा, बॅगा, सगळं फरशीवर सुटं मांडलेलं. कपाटाच्या वरही काही नाही. बाबासो सारखे उठायचे आणि कपाटाला, फ्रिजला, भिंतीला तळहात लावून रेटून बघायचे. बघून झालं की थोडा वेळ बरं वाटायचं. मग पुन्हा उठायचे.

"दादा, घर हाय का वाळवणाचं अंगण?" काशी येताच म्हणाली होती. काशी त्यांची धाकटी बहीण. भाचीच्या बाळंतपणासाठी गावाहून आली होती. "पोटुशी पोरगी उड्या मारत मोरीत जाणार व्हय?"

लेक राजेश्वरीला आठवा सरत आला होता. पहिलं बाळंतपण माहेरी करायचं हे तिच्या उलव्याच्या सासरचेही धरून चालले होते. पण मागच्या आठवड्यात सासूबाई घर बघायला आल्या आणि चहाचा कप कुठं ठेवावा ते न कळून हातातच धरून बसल्या. जाताना एवढंच म्हणाल्या, "बघू." तिला पाठवणार की नाही, ते आज कळणार होतं.

याआधी दोन ठिकाणी उपचार झाले होते. पहिल्या ठिकाणी नुसत्या वस्तू एकावर एक ठेवायला लावल्या. ताटावर ताट ठेवलं की बाबासोंच्या कानात पोती घसरल्याचा आवाज यायचा, नजर एका जागी लागायची आणि समोर कोण बसलंय तेही कळायचं नाही. दुसऱ्या ठिकाणी राहीबाई गेल्या त्या दिवसाबद्दल नुसतं बोलायला लावलं. तिथून घरी आले की ते भिंती दुप्पट जोरानं रेटायचे. गोळ्यांनी झोप लागायला लागली होती, बाकी तसंच.

"आठवण आली की हात उठतो, आणि हात अडवला की आठवण येते," मॅडम म्हणाल्या. "एकाला धरून दुसरं येतं. म्हणून आज दोन्हींना एकदमच बसवून घेऊ. डबे तिथंच राहतील, हात मांडीवर. त्या दिवसाचं आत्ता घडतंय असं सांगा. डोळे उघडे ठेवून. मधे मी विचारीन, कुठं आहात. जमलं नाही तर थांबा म्हणा, थांबू."

"अन् पडला डबा तर?"

"पडला तर पडला."

बाबासो हसले नाहीत. त्यांनी डब्यांकडं बघितलं.

ते हमालांच्या टोळीचे मुकादम होते. बायका गोण्यांच्या थप्पीच्या सावलीत कांदे निवडायला बसायच्या, त्याआधी मुकादमानं थप्पीला तळहात लावून रेटायचं आणि बसा म्हणायचं, अशी टोळीची रीत होती. थप्पी राहीबाईंवर पडली त्या दिवशी बाबासो हात लावायला विसरले, असंच सगळे समजत होते. काशीनं तर तेराव्याला तोंडावर म्हटलं होतं, "एक हात लावायला काय झालं हुतं तुला?" बाबासोंनी उत्तर दिलं नव्हतं.

"सकाळ हाय," ते म्हणाले. "गाडी खाली झालीय. बायका आल्यात. राही डोक्याला फडकं बांधतीय."

"आत्ता कुठं आहात?"

"घरात. आत काशी भाकरी थापतीय."

"हात?"

"मांडीवर."

"पुढं."

"बायका हसतात कायतरी. मला म्हणतात, मुकादम, आज लई उशीर. मी थप्पीजवळ जातोय." त्यांचा श्वास मोठा झाला. कपाळावरचा घाम भुवईत उतरला, तो त्यांनी पुसला नाही. "हात लावतोय."

आतला भाकरीचा आवाज थांबला.

मॅडमनी मान वर केली. "हात लावताय?"

"लावला की. दोन्ही अंगानं रेटून बघितली. पक्की हुती. राही म्हणली, अवो, झालं का तुमचं, बसू का? मी म्हणलं, बस."

वरचा डबा त्यांना हलल्यासारखा वाटला. त्यांनी डोळे मिटले, पुन्हा उघडले.

"कुठं आहात?"

"घरात."

"थांबायचं?"

"नको." ते एकेक शब्द जपून बोलू लागले. "खालच्या थरातली एक गोणी आतनं सडलेली निघाली. वरनं कोरडी. ती बसली अन् सगळी थप्पी आली. हाताला कळत न्हाई ते. कुणाच्याच."

काशी दारात येऊन उभी होती. हात पिठानं भरलेले.

"दादा, मग बोलला का न्हाईस? मी तुला काय काय बोलले."

"तू बोललीस की बरं वाटायचं."

"बरं?"

"इसरलो असतो, तर पुढं इसरायचं न्हाई एवढंच काम उरलं असतं. हात लावूनबी पडली, त्याला काय करायचं?"

काशी चौकटीला टेकली. मॅडम नेहमीच्याच आवाजात म्हणाल्या, "किती?"

"हाय तेवढंच हाय." त्यांनी खांदे जरा हलवले. "नीट बसलंय आता. उचलून चालता येईल."

"आज एवढंच करू. अजून पुष्कळ वेळा सांगावं लागेल हे."

"सांगीन."

तेवढ्यात फोन वाजला. राजेश्वरीचा होता. बाबासो स्पीकर लावूनच बोलत.

"बाबा, झालं का सेशन? ऐका ना, मला फार टेन्शन आलंय. सासूबाई इथंच बसल्यात. विचारतायत, तिकडं आता काही धोका नाही ना? तुमी एकदा नक्की म्हणा, मी लगेच बॅग भरते."

एरवी ती विचारायच्या आधीच ते सांगत, सगळं पक्कं हाय, मी बघितलंय. आताही हात मांडीवरून उठला आणि कपाटाच्या दिशेनं गेला. दारातून काशी मान हलवून खुणावत होती, हो म्हण. हात वाटेतच थांबला.

"नक्की मला सांगता यायचं न्हाई, राजे."

"म्हणजे?"

"कुणालाच यायचं न्हाई."

"बाबा, काय बोलताय तुमी? मग मी काय करू?"

"ये तू." त्यांनी हात परत मांडीवर ठेवला. "नक्की म्हणून न्हाई सांगत. ये म्हणून सांगतोय."

पलीकडं कुणीतरी काही विचारलं. राजेश्वरीनं फोनवर हात धरला असावा, शब्द कळेनात. दोन बायकांचे दबलेले आवाज, मध्येच भांड्याचा आवाज, मग काहीच नाही. बाबासो फोन हातात धरून बसले. काशीच्या बोटांवरचं पीठ वाळत चाललं होतं. मॅडमनी घड्याळाकडं बघितलं नाही.

"बाबा," राजेश्वरीचा आवाज आला. "आहात ना?"

"हाय."

"सासूबाई विचारतायत, मला न्यायला कोण येणार?"