विठाबाईच्या मागच्या दारचं खुराडं

मित्रांनो, मी एक जुनं खुराडं आहे. बदलापूरच्या एका बैठ्या घरामागे तुम्हाला मी दिसेन. उल्हासनगरहून आणलेल्या खोक्यांच्या फळ्या आणि तारेची जाळी, एवढंच माझं अंग. जांभूळ गावच्या हरिचंद्रांनी मला बायकोसाठी, विठाबाईसाठी, ठोकून तयार केलं. ते गेल्यावर विठाबाई इथे राहायला आली, ती मला टेम्पोत घालूनच.

रोज दिवेलागणीला ती माझ्या दाराशी वाकून विचारायची, "सगल्या आल्या का गो?" आतून कुरकुर ऐकू आली की मगच कडी लावायची.

पुढे सोसायटीने नियम केले. कोंबडा पाळायचा नाही, खुराडं रोज साफ करायचं, शेजाऱ्याच्या भिंतीपासून लांब ठेवायचं. विठाबाईने कोंबडा जांभूळला भावाकडे धाडला आणि मला शेवग्याखाली नेलं. शेजारचे शंकरराव म्हणाले, "वहिनी, आता झोप पुरी होते हो!" त्यांच्या घरी तिची अंडी जायचीच.

मग ती आजारी पडली. शेवग्यापर्यंत चालवेना, म्हणून तिने मला मागच्या दाराशी घेतलं, थेट शंकररावांच्या भिंतीला लागून. त्यांनी ते चालवून घेतलं. कोंबड्याविना इथल्या अंड्यांतून पिल्लं निघणार नव्हती, म्हणून शेवटच्या दिवसांत तिने भावाकडून अंडी मागवून काळ्या कोंबडीखाली ठेवली. ती फुटायच्या आतच विठाबाई गेली.

तिची मुलगी करिष्मा शहाडहून आली. येणाऱ्याजाणाऱ्यांच्या गडबडीत माझ्याकडे कोण बघणार? घाण साचली, माशा झाल्या. शेवटी शंकरराव भिंतीपलीकडून म्हणाले, "पोरी, सांगायला जड जातं. पण जेवताना वास येतो गं. आणि नियमही आहे."

"उद्याच कोंबड्या मामाकडे पोचवते, काका. खुराडंही मोडून टाकते."

मी ते ऐकलं. फळ्यांना काय बोलता येणार!

सकाळी तिने आत हात घातला आणि काळीने चोच मारली.

"आई गं! ही उठतच नाही, काका."

शंकरराव येऊन वाकले. "अगं, खुडूक बसलीय ती! वहिनींनी बसवलेली दिसते. हात काढ आधी."

"पण तुमची भिंत?"

"भिंत माझी आहे ना? मग मी बघतो. अंड्यांवरून कोंबडीला उठवतं का कुणी? पिल्लं निघू देत. तू तेवढं झाडून राख टाक. आम्हाला नाक आहे अजून!"

करिष्मा हसली. आई गेल्यापासून पहिल्यांदाच.

ती रोज झाडत राहिली. पिल्लं निघाली, चालू-फिरू लागली. मग तिने आणि शंकररावांनी मिळून मला पुन्हा शेवग्याखाली नेलं. करिष्मा आता इथेच राहते.

मित्रांनो, कोंबड्या पाळाल तर आम्हाला रोज झाडून घ्या, शेजाऱ्याच्या जेवणात आमचा वास जाऊ देऊ नका. आणि कडी लावण्याआधी एकदा आत डोकावा.

इतके दिवस करिष्मा मुक्यानेच कडी लावायची. परवा मात्र ती दाराशी वाकली आणि आईच्याच बोलीत म्हणाली, "सगल्या आल्या का गो?"

आतून कुरकुर आली. तिने कडी लावली, आणि बराच वेळ तिथेच बसून राहिली.